‘प्रोसीजर बदलली’ की ‘प्रोसीजरमध्ये बदल केला’?

पतसंस्थेच्या संगणक विभागासाठी मराठीत माहितीपुस्तिका लिहिणाऱ्या एका वाचकाची शंका अशी: ठेवींवरील व्याज काढणारी प्रोसीजर, म्हणजे एका नावाखाली ठेवलेला आज्ञांचा संच, डेटाबेसमध्येच साठवलेली आहे. व्याजाचे नियम बदलले की ‘ऑल्टर प्रोसीजर’ ही आज्ञा देऊन तिच्यात हवं ते करून घेतात. पुस्तिकेत या कामाला ‘संग्रहित कार्यपद्धतीत फेरफार करणे’ असं नाव दिलं आहे. ते योग्य आहे का, की ‘दुरुस्ती’, ‘सुधारणा’, ‘बदल’ यांतलं काही घ्यावं?

‘फेरफार’ नको, पतसंस्थेत तर नकोच. महसूल खात्यात हा शब्द अगदी निर्मळ आहे. गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवही. जमीन विकली गेली किंवा वारस लागले की तलाठी तिथे नोंद घेतो, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो आणि फेरफाराचा क्रमांक सातबाऱ्यावर चढतो. पण तलाठी कार्यालयाबाहेर हिशेबात फेरफार, गुणपत्रिकेत फेरफार, दस्तऐवजात फेरफार असं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या मनात आधी लबाडीच येते. ‘व्याजाच्या प्रोसीजरमध्ये फेरफार केला’ हे वाक्य लेखापरीक्षकाला खटकणार, आणि त्यात त्याची काही चूक नाही. महसुली अर्थही इथे लागू पडत नाही. फेरफार नोंदवहीत मागची नोंद शाबूत असते. कोणाचं नाव कशामुळे कमी झालं हे क्रमांक धरून मागे जाऊन पाहता येतं. एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस-प्रणालीत ऑल्टर चाललं की प्रोसीजरचा जुना मजकूर गेला. त्याची प्रत आपण वेगळी ठेवली असेल तरच ती सापडते.

‘दुरुस्ती’ म्हटलं की आधी काही बिघडलं होतं हे गृहीत धरलं जातं. पैशांचं पूर्णांकन चुकत होतं आणि ते नीट केलं, तर तो शब्द चपखल आहे. पण संचालक मंडळाने ज्येष्ठ नागरिकांना अर्धा टक्का जादा व्याज द्यायचं ठरवलं आणि म्हणून प्रोसीजरला हात लावला, तर त्यात दुरुस्त काय केलं? ‘सुधारणा’ कायद्याच्या भाषेत रुळलेली आहे. सुधारणा अधिनियम असतातच. रोजच्या बोलण्यात मात्र ती ‘आधीपेक्षा चांगलं झालं’ असा दावा करते, आणि नोंदीने असा दावा करू नये.

राहिला ‘बदल’. शब्द हाच घ्या, पण तो वाक्यात कसा बसवता यावर सगळं अवलंबून आहे. ‘आम्ही घर बदललं’ म्हणजे जुनं सोडून दुसरीकडे राहायला गेलो. ‘आम्ही घरात बदल केले’ म्हणजे पत्ता तोच, आतल्या भिंती हलवल्या. मराठीने हा भेद एका विभक्तिप्रत्ययावर तोलून धरला आहे, आणि डेटाबेसच्या कामात नेमका हाच भेद लागतो.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘ऑल्टर प्रोसीजर’ देताना संपूर्ण मजकूर नव्याने द्यावा लागतो. एखादी ओळ तेवढी सुटी बदलता येत नाही. तरी प्रोसीजर तीच राहते. ती चालवण्याची परवानगी ज्यांना दिली होती त्यांची परवानगी टिकते, निर्मितीची तारीख तीच राहते, शेवटच्या बदलाची तारीख तेवढी पुढे सरकते. म्हणजे इथे ‘प्रोसीजरमध्ये बदल केला’. तीच प्रोसीजर ‘ड्रॉप’ करून ‘क्रिएट’ केली तर नाव तेच दिसतं, पण परवानग्या पुसल्या जातात आणि त्या पुन्हा द्याव्या लागतात. तिथे ‘प्रोसीजर बदलली’ म्हणावं. ‘काढून नव्याने तयार केली’ म्हटलं तर आणखी स्पष्ट.

सगळीकडे ‘ऑल्टर’चं काम एकच असतं असंही नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस-प्रणालीत त्याने शेरा किंवा सुरक्षेची सेटिंग अशी बाह्य लक्षणं बदलता येतात. आतल्या मजकुराला हात लावता येत नाही, त्यासाठी काढून नव्याने करणं भाग आहे. ओरॅकल या प्रणालीत ‘ऑल्टर प्रोसीजर’ने फेरसंकलन होतं, म्हणजे आहे तोच मजकूर यंत्रासाठी पुन्हा तयार केला जातो. मजकूर बदलायला ‘क्रिएट ऑर रिप्लेस’ (नसेल तर तयार कर, असेल तर त्या जागी नवं ठेव) ही आज्ञा लागते. पोस्टग्रेसमध्येही मजकुरासाठी ‘क्रिएट ऑर रिप्लेस’च, तिथे पॅरामीटरचे, म्हणजे प्रोसीजरला बाहेरून द्यायच्या माहितीचे, प्रकार वेगळे दिले तर जुनी जागच्या जागी राहते आणि त्याच नावाची दुसरी उभी राहते. त्याला ‘बदल’ म्हणणं चूकच, ती भर आहे. म्हणून ‘ऑल्टर’ला एक मराठी शब्द कायमचा चिकटवू नका. आज्ञा आहे तशी लिहा आणि तिने काय घडतं ते मराठीत सांगा.

‘प्रोसीजर बदलली’ या वाक्यात आणखी एक अडचण आहे. ‘बदलणे’ सकर्मकही आहे आणि अकर्मकही. त्यामुळे कोणी मुद्दाम बदलली की आपोआप काही झालं, हे त्यातून कळत नाही. नोंदवहीत कर्ता लिहाच.

जाता जाता ‘संग्रहित कार्यपद्धती’विषयी. ‘कार्यपद्धती’ तुमच्या संस्थेत आधीच दुसऱ्या कामाला लागलेली आहे: कर्जमंजुरीची कार्यपद्धती, वसुलीची कार्यपद्धती. ‘व्याज-आकारणीची कार्यपद्धती बदलली’ असं वाचून काउंटरवरचा कर्मचारी सभासदाला सांगेल की व्याजाचे नियम बदलले. प्रत्यक्षात कदाचित डेटाबेसमधून माहिती जलद मिळावी एवढ्यासाठी आतली रचना बदललेली असेल. तुमच्या विभागात सगळे ‘प्रोसीजर’च म्हणत असणार, आणि तीही स्त्रीलिंगी, ‘पद्धत’ आणि ‘प्रक्रिया’च्या ओळीत बसणारी. तीच ठेवा. पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे ‘डेटाबेसमध्ये साठवलेली प्रोसीजर’ म्हटलं की पुरे.

प्रकरणाचं शीर्षक ‘प्रोसीजरमध्ये बदल करणे’ असू द्या, आणि नमुना नोंद अशी: ‘ज्येष्ठ नागरिकांच्या जादा व्याजदरासाठी, संचालक मंडळाच्या ठरावानुसार, संगणक विभागप्रमुखांनी ठेव-व्याजाच्या प्रोसीजरमध्ये बदल केला. आधीचा मजकूर जतन केला आहे. परवानग्या कायम.’