प्रोटेस्टंट लोकांना कॅथलिकांच्या मूर्ती, क्रूस आणि संतांच्या अवशेषांचा एवढा प्रॉब्लेम का असतो?

तुम्ही लिहिलंय की तुमचा रूममेट प्रोटेस्टंट आहे, बांद्र्याच्या मोतमाऊलीच्या (मरियेच्या) जत्रेला चल म्हटलं तर "ती मूर्तिपूजा आहे" म्हणून आला नाही, आणि गोव्याच्या सेंट झेवियरचं शव म्हटलं की तोंड वाकडं करतो. दोघं येशूलाच मानतात मग भांडण कसलं, हा तुमचा प्रश्न.

मी स्वतः सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), म्हणजे प्रोटेस्टंटच. मूळ नगरकडचे, अमेरिकन मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेलं घराणं. बायको ईस्ट इंडियन (मुंबईकडच्या मूळ ख्रिस्ती समाजातली) कॅथलिक, गोराईची. त्यामुळे हा विषय आमच्याकडे जेवताना पण निघतो आणि सासरी गेलो की हमखास निघतो.

मला विचाराल तर मूर्ती हा वरवरचा मुद्दा आहे. खरं भांडण मधल्या माणसाचं आहे. पवित्र शास्त्रात 1 तीमथ्य 2:5 ला लिहिलंय की देव आणि माणूस यांच्यात मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू, आणि आमच्याकडे संडेस्कूलपासून हे वचन पाठ करून घेतात. एकदा हे डोक्यात बसलं की मग मरियेला विनवणी, संतांचा नवस, फादरकडे जाऊन पापकबुली, पोप, मेलेल्यांसाठी मिस्सा (चर्चमधला प्रार्थनाविधी), सगळंच खटकायला लागतं कारण प्रत्येक ठिकाणी कोणीतरी मध्ये उभं दिसतं. क्रूसाचं पण तसंच, आमच्या चर्चमध्ये नुसता रिकामा क्रूस कारण येशू उठला, त्यांच्याकडे त्यावर येशूची मूर्ती कारण त्याचं बलिदान डोळ्यासमोर राहावं. यात भांडण्यासारखं मला काही वाटत नाही, लुथरन लोक प्रोटेस्टंटच, तेही मूर्तीवाला क्रूस ठेवतात.

आता कॅथलिक बाजू ऐका. 787 साली नायसियाला भरलेल्या चर्चच्या दुसऱ्या परिषदेत ठरलं की आराधना फक्त देवाची, मूर्तीला आणि संतांना फक्त मान, आणि तो मान लाकडाला नाही तर ज्याची मूर्ती आहे त्याला जातो. हे पुस्तकी वाटतं, पण बायकोची एक मावशी आहे तिच्याबरोबर मी सप्टेंबरात बांद्र्याच्या डोंगरावर गेलो होतो. चर्चबाहेरच्या स्टॉलवर मेणाचे हात, पाय, बाळं, घरं असं सगळं विकायला असतं, ज्याचं जे दुखणं त्याने ते घ्यायचं आणि माऊलीला वाहायचं. मावशीने मेणाचा पाय घेतला, गुडघ्यासाठी. मी प्रोटेस्टंट तोंड करून म्हटलं, मावशी डायरेक्ट येशूकडे मागा ना. तर म्हणाली, "अरे मी तिच्याकडे कुठे मागते, मी तिला सांगते तुझ्या पोराला सांग." नायसियाचा अख्खा ठराव बाईने एका वाक्यात संपवला, वर माझ्याकडून मेणबत्तीचे पैसेही काढले.

अवशेषांचं मात्र वेगळं आहे, तिथे मी पक्का तुमच्या रूममेटच्या बाजूने. कारण तिथे इतिहास पैशाचा आहे. 31 ऑक्टोबर 1517 ला लुथरने, म्हणजे ज्याच्यापासून प्रोटेस्टंट चळवळ सुरू झाली त्या जर्मन माणसाने, 95 मुद्दे मांडले ते मूर्तींवर नव्हतेच, ते होते इंडल्जन्सवर, म्हणजे पापाच्या शिक्षेत सूट मिळण्याचं पत्र, जे टेट्झेल नावाचा साधू गावोगाव फिरून खपवत होता आणि पैसा चालला होता रोमच्या सेंट पीटर्सच्या बांधकामाला आणि एका आर्चबिशपचं कर्ज फेडायला. गंमत म्हणजे लुथरला ज्याने पुढे वाचवलं तो विटेनबर्गचा सत्ताधीश फ्रेडरिक, त्याच्या स्वतःच्या संग्रहात 19 हजारांच्या आसपास अवशेष होते, हाडं, दात, कापडाचे तुकडे, आणि सर्व संतांच्या सणाला ते बघून दान टाकलं की परगेटरीतली (मेल्यावर पापं धुऊन निघेपर्यंत थांबायची अवस्था) किती वर्षं कमी होतात याचा हिशोब लावलेला होता. कॅल्विन या दुसऱ्या प्रोटेस्टंट पुढाऱ्याने तर 1543 मध्ये यावर अख्खं पुस्तक लिहिलं, येशूच्या क्रूसाचे म्हणून जे तुकडे जागोजागी दाखवतात ते गोळा केले तर एक जहाज भरेल अशी त्याची टर उडवली.

कॅथलिक चर्चने हे ऐकलंच नाही असं मात्र नाही. ट्रेंटच्या परिषदेने 1563 मध्ये अवशेषांचा मान कायम ठेवला पण त्यावरची कमाई आणि अंधश्रद्धा बंद करा म्हणून सांगितलं. आज त्यांच्या कायद्यात पवित्र अवशेष विकायला सक्त मनाई आहे. तरी झेवियरचं माझ्या पचनी पडत नाही. माणूस 3 डिसेंबर 1552 ला चीनजवळच्या बेटावर गेला, शव ओल्ड गोव्यात, उजवा हात 1614 पासून रोमला, दर दहा वर्षांनी दर्शन, मागचं 2024 च्या नोव्हेंबरपासून 2025 च्या जानेवारीपर्यंत चाललं. अहो पुरा ना त्याला सन्मानाने! यावर बायको लगेच 2 राजे 13 काढते, अलीशाच्या हाडांना प्रेत लागलं आणि मेलेला उठला, आणि प्रेषितांची कृत्ये 19, पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन रोगी बरे झाले. तिचं बरोबर आहे, ते शास्त्रातच आहे. मग मी 2 राजे 18:4 काढतो. मोशेने देवाच्याच सांगण्यावरून पितळेचा साप केला होता, पुढे लोक त्याला धूप जाळायला लागले तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. म्हणजे वस्तू देवाने करायला लावलेली असली तरी लोक तिच्यामागे लागले की ती जाते. इथपर्यंत आलं की सासूबाई टीव्हीचा आवाज वाढवतात.

एक गोष्ट अजून, जी जर्मनीतल्या प्रोटेस्टंटाला लागू नाही आणि आपल्याकडे आहे. आमच्या पणजोबांनी घरातले देव सोडले, त्यापायी गावात वाळीत पडल्यासारखे राहिले. अशा घरातल्या माणसाला हार घातलेली मूर्ती, नवस, जत्रा, फेरी दिसली की वाटतं एवढं सोसलं ते परत इथेच यायला का. तुमच्या रूममेटच्या चिडण्यात धर्मशास्त्र निम्मं असेल, बाकी निम्मं बहुतेक हे. (आणि आम्ही काय अगदी बिनमूर्तीचे नाही. फोर्टातल्या सेंट थॉमस कॅथीड्रलमध्ये जाऊन बघा, आमच्याच सीएनआयचं, आत ब्रिटिश साहेबांचे संगमरवरी पुतळे ओळीने. त्यांच्यापुढे कोणी मेणबत्ती लावत नाही हे खरं.)

रूममेटशी वाद घालायचाच असेल तर एक तयारी ठेवा. तो म्हणेल "कॅथलिकांनी दुसरी आज्ञाच गाळली, कोरीव मूर्ती करू नकोस ती." असं बरेच लोक ठोकून देतात. गाळलेली नाही, त्यांच्या बायबलात निर्गम 20 जसंच्या तसं आहे. फक्त मोजताना ते मूर्तीचं वाक्य पहिल्याच आज्ञेत धरतात आणि शेवटची लोभाची आज्ञा दोन करतात, म्हणून बेरीज दहाच. आणि लुथरसुद्धा असंच मोजायचा, हे त्याला जरूर सांगा.