ज्ञान कोठे शोधावे?

तुम्ही नुकतेच उपासनेला येऊ लागला आहात आणि शहाणपणासाठी आधी काय वाचावे, असे विचारता. यवतमाळ जिल्ह्यातील वणीकडच्या आपल्या गावांत राहणाऱ्याने बायबलमधील ईयोबाच्या पुस्तकाचा २८वा अध्याय आधी वाचावा, असे मला मनापासून वाटते. त्यात माणूस अंधारात खोल उतरून रुपे (चांदी), लोखंड आणि तांबे खणून काढतो, पण ज्ञान कोठे सापडते हे मात्र त्याला कळत नाही. कोळशाच्या खाणीत पाळी करणारा आपला माणूस हे वर्णन ऐकताना स्तब्ध होतो, हे मी प्रार्थनासभेत पाहिले आहे. शेवटी उत्तर येते की, प्रभूचे भय धरणे हेच ज्ञान होय. हे भय म्हणजे धास्ती नव्हे, तर देवापुढची नम्रता. प्रेषित पौल तर ख्रिस्तालाच देवाचे ज्ञान म्हणतो (करिंथकरांस पहिले पत्र १:२४), म्हणून ते केवळ पाठांतराने येत नाही, त्याच्या सहवासात राहावे लागते.

कपाशीसाठी पुन्हा कर्ज काढावे की नाही, असा प्रश्न समोर असेल तेव्हा जाणत्या शेतकऱ्यांचा सल्ला जरूर घ्या, पण त्याआधी प्रार्थनेत ज्ञान मागा. मागणाऱ्याला देव दोष न लावता उदारपणे देतो, असे याकोबाच्या पत्रात पहिल्याच अध्यायात लिहिले आहे.