बालपणीचा कॅन्सर बरा झाला. आता मोठेपणी काय तपासायचं?

लहानपणी कॅन्सर झाला, उपचार झाले, बरं वाटलं आणि फाइल माळ्यावर गेली. अशा अनेकांची पत्रं या सदराकडे आली आहेत. सगळ्यांचा मूळ प्रश्न एकच आहे: आता काही होत नाही, मग डॉक्टरांकडे कशाला जायचं?

आधी दोन आकडे पाहू. अमेरिका आणि कॅनडात 1994 पासून चालू असलेल्या ‘चाइल्डहूड कॅन्सर सर्व्हायव्हर स्टडी’ या अभ्यासाने 2006 मध्ये 10,397 जणांची माहिती छापली. ते सगळे तेव्हा सरासरी 26-27 वर्षांचे होते. त्यांच्यापैकी 62 टक्क्यांना निदान एक तरी जुनाट आजार होता आणि सुमारे 27 टक्क्यांचा आजार गंभीर स्वरूपाचा होता. दुसरा आकडा 2016 चा आणि दिलासा देणारा आहे. निदानानंतर पाच वर्षं जगलेल्या मुलांमधले पुढच्या पंधरा वर्षांतले मृत्यू 1970 च्या दशकाच्या सुरुवातीच्या रुग्णांत 12.4 टक्के होते. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीच्या रुग्णांत ते 6 टक्क्यांवर आले. रेडिएशन आणि हृदयाला जाचणारी औषधं कमी केल्याचा त्यात मोठा वाटा आहे. म्हणजे धोका औषधाच्या नावाबरोबरच मात्रेवरही ठरतो. खालच्या उत्तरांत पुन्हा पुन्हा मात्रेचीच चौकशी येते, ती यामुळे.

प्रश्न : मी 27 वर्षांचा आहे. दोन वर्षांचा असताना मला रक्ताचा कॅन्सर (एएलएल) झाला होता. डोक्याला रेडिएशन दिलं नव्हतं, असं आई सांगते. मी रोज पळतो, काहीच त्रास नाही. जुनी फाइल सापडली आहे, पण तिच्यातलं काही कळत नाही. त्यात काय बघू?

फाइल सापडली, हे फार बरं झालं. तिच्यातून एक पान तयार करून घ्यायचं आहे. त्यात निदान आणि तारीख, प्रत्येक केमो औषधाचं नाव आणि एकूण मात्रा, रेडिएशन दिलं असेल तर कुठे आणि किती ग्रे (रेडिएशन मोजण्याचं एकक), शस्त्रक्रिया, रक्त कधी चढवलं, आणि उपचारांत काय बिघडलं होतं, एवढं हवं. फाइल अपुरी असेल तर जिथे उपचार झाले तिथल्या रेकॉर्ड विभागात जुना नोंदणी क्रमांक देऊन अर्ज करा. रेडिएशनची नोंद बहुतेक वेळा वेगळ्या विभागात असते, ती वेगळी मागावी लागते. जुन्या कागदावर ‘1800 सेंटीग्रे’ किंवा ‘1800 रॅड’ दिसलं तर त्याचा अर्थ 18 ग्रे.

तुमच्या बाबतीत पहिली नजर डॉनोरुबिसिन आणि डॉक्सोरुबिसिन या लाल रंगाच्या औषधांकडे जायला हवी, कारण ती हृदयाच्या स्नायूला इजा करतात. इथे एक चूक हमखास होते. कागदावर लिहिलेले असतात नुसते मिलिग्रॅम, आणि धोक्याच्या पायऱ्या असतात शरीराच्या दर चौरस मीटरला किती मिलिग्रॅम, अशा. दोन वर्षांच्या मुलाच्या शरीराचं क्षेत्रफळ साधारण अर्धा चौरस मीटर असतं. समजा, फाइलमध्ये डॉनोरुबिसिन 15 मिलिग्रॅम चार वेळा आणि डॉक्सोरुबिसिन 15 मिलिग्रॅम चार वेळा, अशी नोंद आहे. म्हणजे प्रत्येकी 60. ते 0.5 ने भागल्यावर खरी मात्रा निघते : प्रत्येकी 120. डॉनोरुबिसिन हृदयाला डॉक्सोरुबिसिनच्या साधारण निम्म्याने जाचतं, म्हणून त्याचे 60 धरायचे. एकूण झाले 180. भागाकार विसरलात तर हाच हिशेब 60 अधिक 30, म्हणजे 90 येतो आणि इकोची (हृदयाच्या सोनोग्राफीची) गरज नाही असं वाटतं.

आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार 250 किंवा जास्त म्हणजे जास्त धोका, इको दर दोन वर्षांनी. 100 ते 250 म्हणजे मध्यम धोका, इको दर पाच वर्षांनी. छातीला रेडिएशन मिळालं असेल तर पायऱ्या आणखी खाली येतात. आणि मायटोझँट्रोन दिलेलं असेल तर त्याची मात्रा दहापट धरतात, म्हणून हे नाव फाइलमध्ये मुद्दाम शोधा.

पळता येतं म्हणजे हृदय ठीक, असं मात्र धरून चालू नका. हृदयाच्या मेलेल्या पेशी जवळजवळ परत येत नाहीत. मूल वाढतं तेव्हा उरलेल्या पेशींवर मोठ्या शरीराचा भार पडतो, भिंत पातळ राहते, आणि हे वर्षानुवर्षं काही न जाणवता चालतं. त्यात रक्तदाब वाढला की धोका नुसता बेरजेने न वाढता कितीतरी पटीने वाढतो. तुमच्यासारख्याने वरचा आकडा 140 होण्याची वाट न पाहता दरवर्षी रक्तदाब मोजावा आणि वाढू लागताच उपचार घ्यावेत. साखर, कोलेस्टेरॉल आणि वजनाचंही तसंच. पळणं चालूच ठेवा. स्टिरॉइडचे मोठे कोर्स झाले असतील तर हाडांची घनता एकदा मोजून घ्या, आणि मांडीच्या सांध्यात, जांघेत दुखू लागलं तर स्नायू आखडला म्हणून सोडून देऊ नका.

प्रश्न : वय 31. चौदाव्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) झाला, छातीला 25 ग्रे रेडिएशन आणि केमो घेतली. मॅमोग्राफी (स्तनांची क्ष-किरण तपासणी) चाळिशीनंतर करू, असं माझ्या डॉक्टर म्हणतात. थांबू का?

थांबू नका. चाळिशीचा नियम इतर स्त्रियांसाठी आहे. छातीवर 10 ग्रे किंवा जास्त रेडिएशन झालेल्या स्त्रीने वयाच्या 25 व्या वर्षी किंवा रेडिएशननंतर आठ वर्षांनी, यांतलं जे नंतर येईल तेव्हापासून दरवर्षी तपासणी करायची असते. तुमचा हिशेब पंचविशीचा येतो. सहा वर्षं गेली म्हणून घाबरू नका, पण येत्या महिन्यातली तारीख घ्या. लहानपणी छातीला रेडिएशन मिळालेल्या स्त्रियांत 40-45 व्या वर्षापर्यंत स्तनांच्या कॅन्सरचं प्रमाण 13 ते 20 टक्के आढळलं आहे. हे प्रमाण बीआरसीए जनुकात दोष असलेल्या, म्हणजे स्तनांच्या कॅन्सरचा आनुवंशिक धोका असलेल्या स्त्रियांच्या जवळ जातं, हे तुमच्या डॉक्टरांना जरूर सांगा.

तपासणी दोन्ही हवी, मॅमोग्राफी आणि स्तनांचा एमआरआय. तरुण वयात स्तनाची ऊती दाट असते, तिच्यात लहान गाठ मॅमोग्राफीला दिसत नाही, एमआरआयला दिसते. उलट, अगदी सुरुवातीच्या बदलांत चुन्याचे बारीक कण पडतात, ते एमआरआयच्या नजरेतून सुटतात आणि मॅमोग्राफीत दिसतात. ‘पुन्हा क्ष-किरण कशाला?’ अशी शंका काही जणी काढतात. मॅमोग्राफीची मात्रा तुम्हाला मिळालेल्या 25 ग्रेपेक्षा हजारो पटींनी कमी असते.

डॉक्सोरुबिसिन 100 च्या वर गेलं असेल तर 25 ग्रेबरोबर तुम्ही हृदयाच्या जास्त धोक्याच्या गटात येता : इको दर दोन वर्षांनी. थायरॉईडचं टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं संप्रेरक) आणि डॉक्टरांच्या हाताने मानेची तपासणी दरवर्षी. रेडिएशनमुळे हृदयाच्या रक्तवाहिन्या लवकर अरुंद होऊ शकतात. म्हणून छातीत दडपण किंवा चालताना धाप लागली तर ‘एवढ्या तरुण वयात हार्ट अटॅक कसला?’ असं म्हणून परत पाठवण्याआधी छातीच्या रेडिएशनची गोष्ट समोरच्याला कळायला हवी. केमोत ब्लिओमायसिन असेल तर कुठल्याही ऑपरेशनआधी भूलतज्ज्ञांना सांगा. या औषधानंतर फुप्फुसांना जास्त प्रमाणातला ऑक्सिजन बाधू शकतो, हे कळलं की ते बेताने देतात.

प्रश्न : दरवर्षी पूर्ण शरीराचा पेट स्कॅन आणि रक्तातले ट्यूमर मार्कर केले तर काहीच सुटणार नाही ना?

सुटेल. पेट स्कॅन हृदयाची ताकद मोजत नाही, संप्रेरकं सांगत नाही, मोठ्या आतड्यातली लहान गाठ त्यात हमखास दिसत नाही. वर रेडिएशनची भर पडते, आणि निरुपद्रवी डाग सापडून बायॉप्सीपर्यंत मजल जाते. पोटाला 20 ग्रे किंवा जास्त रेडिएशन मिळालं असेल तर त्यानंतर पाच वर्षांनी किंवा तिशीत, यांतलं जे नंतर येईल तेव्हा कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) सुरू करणं कितीतरी उपयोगाचं. ज्या भागाला रेडिएशन मिळालं त्या भागाची त्वचा दरवर्षी नीट उजेडात बघा. न भरणारी लहानशी चकाकती पुळी तिथे दिसली तर त्वचातज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : वय 29. पंधराव्या वर्षी मांडीच्या हाडात युइंग सार्कोमा झाला. डॉक्सोरुबिसिन 375, शिवाय आयफॉस्फमाइड आणि सायक्लोफॉस्फमाइड. ऑपरेशन झालं, रेडिएशन नाही. आता मूल हवं आहे. हृदय झेपेल का? आणि बाळाला कॅन्सर होईल का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण पत्रातली काळजी तिथेच जास्त दिसते. बरे झालेल्यांच्या मुलांत, आईवडिलांना मिळालेल्या केमोमुळे किंवा रेडिएशनमुळे जन्मजात दोष वाढल्याचं मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. युइंग सार्कोमा सहसा आनुवंशिक नसतो. अपवाद वेगळ्या आजारांचे आहेत. दोन्ही डोळ्यांना झालेल्या रेटिनोब्लास्टोमात प्रत्येक बाळाला तो दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते, तिथे आधीच आनुवंशिकता समुपदेशन हवं.

आता हृदय. 375 ही मात्रा मोठी आहे. गर्भारपणात शरीरातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं, तेव्हा काठावरचं हृदय उघडं पडतं. म्हणून इको दिवस राहण्याआधीच करा. राहून गेलं तर पहिल्या तीन महिन्यांत. हृदयाची ताकद आधी चांगली असेल तर बहुतेक गर्भारपणं नीट पार पडतात. आधीच कमी असेल तर हृदयरोगतज्ज्ञ आणि प्रसूतितज्ज्ञ दोघांनी मिळून ठरवायचं. एनालाप्रिल किंवा रामिप्रिलसारखी गोळी चालू असेल तर ती गर्भाला घातक आहे, दिवस राहण्याआधीच डॉक्टरांकडून बदलून घ्या. शेवटचे तीन महिने, प्रसूती आणि नंतरचे काही आठवडे जास्त जपायचे. आडवं झाल्यावर धाप लागणं, रात्री श्वास अडकून जाग येणं, याला गर्भारपणाचा नेहमीचा त्रास समजू नका.

आयफॉस्फमाइड मूत्रपिंडातून क्षार गळायला लावू शकतं. क्रिएटिनिन, पोटॅशियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि लघवीची साधी तपासणी करून घ्या. हे आणि सायक्लोफॉस्फमाइड, दोन्ही बीजांडांचा साठा कमी करतात, पाळी नियमित असली तरीही. एएमएच (बीजांडांचा साठा सांगणारी रक्ततपासणी) तपासा आणि विचार पुढे ढकलत राहू नका, कारण रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते. लगेच मूल नको असेल तर बीजांडं गोठवण्याबद्दल याच वर्षी बोला.

प्रश्न : विल्म्स ट्यूमरमुळे चौथ्या वर्षी माझं एक मूत्रपिंड काढलं. वय 22. जिमनंतर अंग दुखतं तेव्हा आयब्युप्रोफेन घेतो. चालेल?

नको. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही औषधं मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात, आणि तुमच्याकडे राखीव मूत्रपिंड नाही. पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत घ्या. रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन दरवर्षी तपासा, क्रिएटिनिनही. व्यायाम बिनदिक्कत करा.

प्रश्न : माझ्या मुलाला आठव्या वर्षी मेड्युलोब्लास्टोमा (मेंदूतला कॅन्सर) झाला. मेंदू आणि मणक्याला रेडिएशन, शिवाय सिस्प्लॅटिन. आता तो 19 वर्षांचा आहे. तासभर अभ्यास करून थकतो, पटकन उत्तर देत नाही, हाक मारली तरी लक्ष नसतं. नातेवाईक आळशी म्हणतात. टीएसएच नॉर्मल आलं आहे.

तो आळशी नाही. मेंदूच्या रेडिएशननंतर विचारांचा वेग कमी होतो, समजूत शाबूत असते. प्रश्न कळतो, उत्तरही येतं, फक्त ते सापडायला वेळ लागतो. मानसशास्त्रज्ञांकडून सविस्तर बौद्धिक चाचणी करून घ्या. त्या अहवालावर परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मागता येतो. तोंडी घाई करू नका, एका वेळी एकच सूचना द्या.

हाकेला उत्तर न देण्याचं कारण कानात असू शकतं. सिस्प्लॅटिन आधी उंच पट्टीचे आवाज नेतं. स, श, फ, थ ही अक्षरं विरतात, मग शब्द ऐकू येतो पण ओळखू येत नाही, आणि गोंगाटात तर अजिबात नाही. ‘ऐकू येतं ना?’ असं विचारून हे कळत नाही, ऑडिओग्राम (यंत्रावरची श्रवणचाचणी) लागतो.

थकव्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. मेंदूच्या रेडिएशननंतर थायरॉईडऐवजी त्याला हुकूम देणारी पीयूष ग्रंथी मंदावलेली असू शकते. तेव्हा टीएसएच नॉर्मल दिसतं आणि थायरॉईडचं संप्रेरक मात्र कमी असतं. म्हणून टीएसएचबरोबर फ्री टी4, म्हणजे थायरॉईडचं संप्रेरक, मोजायलाच हवं. सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉल, ग्रोथ हॉर्मोनची चाचणी आणि टेस्टोस्टेरॉनही अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांकडून पाहून घ्या. कॉर्टिसॉल आणि थायरॉईडचं संप्रेरक दोन्ही कमी निघाली तर आधी कॉर्टिसॉलची गोळी सुरू करायची, मग थायरॉईडची. उलट क्रमाने केलं तर तब्येत अचानक ढासळू शकते. कॉर्टिसॉल कमी असलेल्याच्या खिशात तसं लिहिलेलं कार्ड कायम असावं. ताप आला तर गोळीची मात्रा किती वाढवायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या, आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर घरी न थांबता इंजेक्शनसाठी लगेच रुग्णालय गाठा.