प्रश्न तुमचे : वाय-फायचं नाव बदलताना

प्रश्न : आमच्या सोसायटीत एकाने सांगितलं की वाय-फायचं नाव लपवून ठेवलं की बाहेरचं कुणी घुसू शकत नाही. महिन्यापूर्वी मी तसं केलं. तेव्हापासून घरी पाहुणा आला की नाव स्पेलिंगसकट टाइप करून द्यावं लागतं आणि टीव्हीही अधूनमधून तुटतो. असंच चालू ठेवू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चालू ठेवू नका. नाव परत दिसू द्या.

राऊटर सेकंदाला साधारण दहा वेळा ‘मी इथे आहे’ अशी हाक देत असतो. त्या हाकेत त्याचं नाव असतं आणि तेच आपल्याला फोनच्या यादीत दिसतं. नाव लपवलं तरी हाक चालूच राहते, फक्त नावाची जागा रिकामी जाते. तुमचा टीव्ही किंवा फोन जोडला जाताना ते नाव उघडपणे उच्चारतोच. ज्याला ऐकायचंय त्याला तेवढं पुरतं. शिवाय एक नवीनच गोष्ट सुरू होते. राऊटर नाव सांगत नाही म्हणून फोनला विचारत फिरावं लागतं. तुम्ही लोकलमध्ये असा नाहीतर ऑफिसात, तो ‘अमुक नावाचं नेटवर्क इथे आहे का?’ असं विचारत राहतो. घरात लपवलेलं नाव डोंबिवलीपासून सीएसएमटीपर्यंत तुमचाच फोन सांगत जातो.

घुसणाऱ्याला अडवायचं काम पासवर्डचं. तो किती महत्त्वाचा आहे हे आपल्याकडे २००८ साली कळलं. २६ जुलैला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल गेला. माग काढत पोलीस पोचले ते नवी मुंबईत, सानपाड्याला राहणाऱ्या एका परदेशी गृहस्थाच्या घरी. त्याच्या उघड्या वाय-फायवर दुसऱ्याच कुणीतरी काम उरकलं होतं. मी नाशिकमध्ये २२ वर्षं लोकांच्या घरी जाऊन इंटरनेटची कामं करते, त्या वर्षी मी जिथे जाईन तिथे आधी पासवर्ड बघायची.

तेव्हा राऊटरच्या पानावर, म्हणजे ब्राउझरमध्ये जिथे तुम्ही नाव लपवलंत तिथेच, सुरक्षेच्या रकान्यात ‘डब्ल्यूपीए२’ किंवा ‘डब्ल्यूपीए३’ आहे ना, तेवढं बघा. ‘ओपन’ (पासवर्डच नाही) किंवा ‘डब्ल्यूईपी’ (जुनं, सहज फुटणारं कुलूप) दिसलं तर आधी ते बदला. नाव दिसायला लागलं की फोन आणि टीव्हीमधलं जुनं नेटवर्क ‘विसरा’ करून नव्याने जोडा, म्हणजे ते विचारत फिरणंही थांबेल.

प्रश्न : ताई, मी ७२ वर्षांची निवृत्त शिक्षिका. कराडला फ्लॅटमध्ये एकटी राहते. चार वर्षांपूर्वी नेट घेतलं तेव्हा ह्यांनी वाय-फायला आमचं आडनाव आणि पुढे फ्लॅटचा नंबर असं नाव दिलं. पासवर्ड म्हणजे त्यांचा मोबाइल नंबर. ते जाऊन दीड वर्ष झालं. मुलगा जर्मनीहून सारखा सांगतो, नाव बदल म्हणून. माझा हात धजत नाही. बदलायचंच तर ‘पारिजात’ ठेवावं असं मनात येतं, खाली कंपाउंडला ह्यांनी लावलेलं झाड आहे. ते मराठीत लिहिता येईल का? आणि मला एकटीला जमेल का? घरात टीव्ही, प्रिंटर आणि दारावरचा कॅमेरा आहे.
– एक वाचक, कराड

उत्तर : काकू, जमेल. तासाभराचं काम आहे, दुपारी निवांत बसून करा.

मुलगा म्हणतो ते बरोबर आहे. आज संध्याकाळी तुमच्या मजल्याच्या जिन्यात उभ्या राहा आणि फोनमध्ये वाय-फायची यादी उघडा. तुमचं आडनाव आणि फ्लॅटचा नंबर तिथे दिसेल. पार्सल घेऊन येणारा, रंगकाम करणारा, जिन्यात सहज टेकलेला कुणीही ते वाचू शकतो. गंगापूर रोडच्या एका इमारतीत मी एकदा अशीच लिफ्टची वाट बघत यादी चाळत होते. अकरा नावं होती, त्यातल्या सहांत आडनाव किंवा फ्लॅट नंबर होता. पुढच्या आठवड्यात परत गेले तर त्यातलं एक नाव यादीत नव्हतं. ते कुटुंब गावाला गेलं होतं आणि जाताना त्यांनी राऊटर बंद केला होता. दाराला कुलूप आहे हे मला चौथ्या मजल्यावर न चढताच कळलं. तेव्हापासून मी कुठल्याच घरात आडनाव आणि नंबर एकत्र ठेवू देत नाही. तुम्ही एकट्या राहता, म्हणून तुम्हाला तर आग्रहाने सांगते.

ही नावं जिन्यापुरतीही राहत नाहीत. रस्त्याने जाणारे फोन आसपासचे राऊटर टिपतात, नकाशात आपली जागा लवकर सापडते ती त्याच्याच जोरावर. ‘विगल’ नावाच्या संकेतस्थळावर तर २००१ पासून हौशी लोक जगभरच्या वाय-फायची नावं आणि ठिकाणं गोळा करतायत. गूगलच्या नोंदीतून आपला राऊटर वगळायचा असेल तर नावाच्या शेवटी अंडरस्कोअर आणि त्याला जोडून ‘नोमॅप’ असं इंग्रजी लिपीत, सगळी अक्षरं लहान ठेवून लिहायचं. गूगलने ही सोय २०११ मध्ये दिली. तुम्ही नुसतं ‘पारिजात’ ठेवलंत तरी माझ्या मते पुरेसं आहे, कारण त्यावरून घर कुणाचं ते कळत नाही.

आता मराठीत लिहायचं का ते. वाय-फायच्या नावाला ३२ जागा मिळतात. इंग्रजी अक्षर एक जागा घेतं. देवनागरी अक्षराला तीन लागतात, आणि काना, वेलांटी, अनुस्वार यांनाही प्रत्येकी वेगळ्या तीन. ‘पारिजात’ मोजून बघू : प, काना, र, वेलांटी, ज, काना, त. सात झाले, म्हणजे २१ जागा. बसतं. ‘अंगणातला पारिजात’ म्हटलंत तर ४६ होतात, ते बसणार नाही. पण बसतं म्हणून चालतंच असं नाही. बऱ्याच राऊटरचं पान देवनागरी घेतच नाही, घेतलं तर प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर नावाऐवजी चौकोन उमटतात, मग त्या चौकोनांतून आपलं कुठलं ते ओळखायचं कसं? तुमच्याकडे प्रिंटर आहे, म्हणून ‘पारिजात’ इंग्रजी लिपीत लिहा. पहिलं अक्षर मोठं की लहान ते एकदा ठरवा आणि तसंच ठेवा, कारण राऊटरच्या लेखी ती दोन वेगळी नावं असतात. शेवटी चुकून स्पेस पडली तरी नाव वेगळं होतं. डोळ्यांना ती दिसत नाही आणि तास जातो.

पासवर्डही याच वेळी बदला. ह्यांचा मोबाइल नंबर सोसायटीच्या वहीत असेल, दूधवाल्याकडे, गॅसवाल्याकडे असेल. नाव बदललं की घरातली प्रत्येक वस्तू तशीही नव्याने जोडावी लागते, मग दोन्ही एकदमच करा म्हणजे त्रास एकदाच होईल. पासवर्ड कमीत कमी ८ अक्षरी लागतो, ६३ पर्यंत चालतो. एकमेकांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द इंग्रजी लिपीत जोडून लिहा. तुम्ही शिक्षिका, तुम्हाला शब्द कमी पडायचे नाहीत. फक्त त्यात पारिजात नको आणि नातवंडांची नावं नकोत. आणखी एक, ‘डब्ल्यूपीए२’ असेल तर राऊटर नाव आणि पासवर्ड एकत्र घोटून त्यातून किल्ली बनवतो, ४०९६ वेळा घोटून. म्हणून नाव अगदी सर्रास असलं, कंपनीने छापलेलं एकाच शब्दाचं वगैरे, तर पासवर्ड फोडणाऱ्यांकडे त्या नावासाठी किल्ल्यांच्या तयार याद्या असतात. आपलं वेगळं नाव असलं की त्या याद्या कामाच्या राहत नाहीत.

सुरुवात कागदाने करा. वाय-फायवर चालणारी प्रत्येक वस्तू लिहून काढा. तुम्ही तीन लिहिल्यात आणि फोन राहिला. घरभर एकदा फिरून बघा, टॅब असेल, बोलणारा स्पीकर असेल, सोलरच्या इन्व्हर्टरची डबी असेल.

मग फोन घरच्या वाय-फायवर ठेवून मोबाइल डेटा बंद करा. राऊटर उचलून खालचं स्टिकर वाचा. त्यावर पानाचा पत्ता, वापरनाव आणि पासवर्ड छापलेला असतो. हा पासवर्ड राऊटरच्या पानाचा, वाय-फायचा नव्हे. तिथेच घोळ होतो. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो, जिओच्या पेटीला १९२.१६८.२९.१. ब्राउझरमध्ये तो इंग्रजी आकड्यांत टाका. ‘हे पान सुरक्षित नाही’ असा इशारा आला तर पत्ता एकदा ताडून बघा आणि पुढे जा, ते पान तुमच्याच घरातल्या पेटीत आहे. स्टिकरवरचा पासवर्ड चालला नाही तर मुलाला विचारा, त्याने बदलला असेल. त्यालाही माहीत नसेल तर केबलवाल्याला बोलवा, पण नवा वाय-फायचा पासवर्ड टाइप करताना फोन तुमच्या हातात घ्या.

पेटीच्या मागे टाचणी जाईल एवढं भोक असतं, रीसेटचं. त्याला हात लावू नका. ते दाबून धरलं की नावाबरोबर कंपनीने भरलेली जोडणीची माहितीही पुसली जाऊ शकते, मग माणूस येईपर्यंत नेट बंद.

पानावर ‘वायरलेस’ किंवा ‘डब्ल्यूलॅन’ असं लिहिलेलं शोधा. आत ‘एसएसआयडी’ असा रकाना दिसेल आणि त्यात जुनं नाव असेल. काकू, इथे एक मिनिट थांबा. ते नाव ह्यांनी याच रकान्यात टाइप केलंय. पुसायच्या आधी त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या आणि मुलालाही पाठवा. माझे बाबा गेले तेव्हा त्यांच्या अक्षरातली वायरिंगची एक चिठ्ठी मी मेन स्विचच्या झाकणातून काढून ठेवली, अजून आहे. त्या चिठ्ठीतलं वायरिंग केव्हाच बदललंय.

मग नवं नाव लिहा. रकाने दोन असतील, एक २.४ गिगाहर्ट्झचा आणि एक ५ चा, राऊटर या दोन वेगळ्या लहरींवर बोलतो. दोन्हीकडे तेच नाव आणि तोच पासवर्ड द्या. आधी नाव, मग पासवर्ड, आणि शेवटी ‘सेव्ह’ किंवा ‘अप्लाय’ एकदाच दाबा. दाबताक्षणी फोनचं नेट जाईल. काही बिघडलेलं नाही. अर्धा-एक मिनिट थांबा, यादीत पारिजात दिसेल, त्याला नवा पासवर्ड द्या. मग फोनमधलं जुनं नाव ‘विसरा’ करा आणि कागदावरचं एकेक जोडत, खुणा करत चला. टीव्हीला रिमोटने पासवर्ड टाकणं कंटाळवाणं असतं, सावकाश करा.

कॅमेरा मात्र सगळ्यात आधी जोडा. दारावरचे बरेच कॅमेरे फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. कॅमेऱ्याच्या ॲपमधून जोडताना तो सापडतच नसेल तर राऊटरच्या पानावर ५ चा रकाना तेवढ्यापुरता बंद करा, कॅमेरा जोडला गेला की परत चालू करा. हे मी जीव तोडून सांगते त्याला कारण आहे. सहा वर्षांपूर्वी इंदिरानगरला एका आजी-आजोबांच्या घरी मी नाव बदलून दिलं, फोन जोडले, टीव्ही जोडला, चहा घेतला आणि निघाले. कॅमेऱ्याचं विचारलंच नाही. तेरा दिवसांनी त्यांच्या मुलीचा फोन आला, गेटपाशी ठेवलेली सायकल गेली म्हणून रेकॉर्डिंग बघायला घेतलं, तर त्या दुपारपासून काहीच नव्हतं. चूक माझी होती. कागदाची पद्धत मी त्याच्यानंतर लावून घेतली.

म्हणून शेवटी एवढं करा : फोनचं वाय-फाय बंद करून मोबाइल डेटा लावा, दाराबाहेर जाऊन कॅमेऱ्यासमोर उभ्या राहा आणि ॲपमध्ये स्वतःला बघा. दिसलात की कागदावर शेवटची खूण करा. कुठे अडलंत तर राऊटरच्या स्टिकरवरचं मॉडेलचं नाव तेवढं लिहून पाठवा, पासवर्ड नको.