पोगाचारच जिंकते, तं आता पाहू काहून?

वाचकांचे प्रश्न, पीटीच्या सरांची उत्तरं

प्रश्न : सर, नमस्कार. मी दर्यापूर तालुक्यातला, शेती करतो. कोरोनाच्या वर्षी म्हणजे २०२० मध्ये मोबाईलवर टूर द फ्रान्स, ती फ्रान्सातली तीन आठवड्याची सायकल रेस, पाह्यला लागलो. त्या वर्षी पोगाचारनं शेवटून दुसऱ्या दिवशी रोग्लिचची पिवळी जर्सी (एकूण वेळेत सगळ्यात पुढे असते त्याची) काढून घेतली न मले रातभर झोप नाई आली. आता मात्र पाहावंसंच वाटत नाई. घाट लागला का तोच पुढे, बाकीचे मांगे, निकाल पह्यलेच मालूम. दोस्त म्हणतात कबड्डी पाय, चाळीस मिनिटात मोकळा, नाईतं क्रिकेट पाय. मले सांगा सर, खेळ बेकार झाला का माहं मन उडालं?

उत्तर : राजा, तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण २०२५ च्या जुलैत माझंही असंच झालं होतं. तिकडे दुपार संपताना रेस संपते म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेआठ-नऊ, डवरणीहून आलेली माणसं जेवायला बसतात तो टाईम. मी ताट घेऊन मोबाईल समोर ठेवला होता, फ्रान्समधल्या ओताकामचा घाट चालू, १२ किलोमीटर बाकी, आणि पोगाचार सीटवरून उठला न गेला. त्याचा मोठा दुश्मन विंगेगार्ड २ मिनिटं १० सेकंद मागे. माझी दुसरी भाकर व्हायच्या आत मी मोबाईल उलटा ठेवून दिला. मग तुला कोणत्या तोंडाने म्हणू की तुझं चुकलं?

पण त्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट आठव. तुलूज जवळ आलं होतं, पोगाचारचं चाक दुसऱ्याच्या चाकाला लागलं न तो रोडवर घसरत गेला. पुढे जाऊन त्याला मिनिटभराने गाडायचा चान्स होता, तरी त्याचेच दुश्मन थांबल्यासारखे हळू झाले, तो येऊन मिळेपर्यंत. असं मी दुसऱ्या कोणत्या खेळात इतक्या मोठ्या लेव्हलवर पाह्यलं नाही. हे पाह्यचं असलं तं रेस पाहावी लागते, दुसऱ्या दिवशी निकाल वाचून हे सापडत नाही.

आता तू म्हणतो निकाल पहिलेच माहीत, तं असं काहून होते ते समजून घे. तू वाऱ्याच्या उलट सायकल चालवली असशीलच, अंजनगावकडून येताना कापसाने भरलेला ट्रॅक्टर पुढे आला की त्याच्या मागे लागलं की पायडल एकदम हलकं होते, शाळेची पोट्टे हेच करतात (करू नये, ट्रॉलीने ब्रेक मारला की दात जातात). रेसमध्येही तेच चालते. पुढच्याच्या मागे चिटकून राहिलं की जवळपास तिसरा हिस्सा ताकद वाचते, म्हणून सपाट रोडवर दीडशे-पावणेदोनशे जण एका गठ्ठ्यात राहतात आणि कितीही दमाचा माणूस असला तरी एकटा पळून जाऊ शकत नाही. घाटात मात्र स्पीड पडते, वारा अडवायला कोणी असलं नसलं सारखंच, मग ज्याचा दम मोठा तोच जाते. म्हणजे ज्या दिवशी तू सगळ्यात जास्त आशेने बसतो, त्याच दिवशी निकाल सगळ्यात पक्का असते. म्हणून माझं म्हणणं, घाटाच्या दिवशी पहिल्या नंबरकडे पाहूच नको, मागे पाहा.

मागे काय असते? तिथे स्प्रिंटर लोक असतात, मांड्या भरलेले, सपाटीचे राजे, घाटात जीव जाते त्यांचा. जिंकणाऱ्याला जेवढा वेळ लागला त्याच्या ठरावीक टक्के जास्त वेळात पोचले नाही तं दुसऱ्या दिवशी घरी. म्हणजे पोगाचार जितका लवकर वर गेला तितकी या मागच्यांची मुदत कमी झाली. ते मग एकत्र टोळी करतात, वेगवेगळ्या टीमचे असले तरी, हिशोब लावत चढतात. स्प्रिंटर मार्क कॅव्हेंडिश असाच वर्षानुवर्षं घाट ओढत राहिला आणि २०२४ मध्ये, ३९ व्या वर्षी, ३५ वी स्टेज (टूरमधली एका दिवसाची रेस) जिंकून त्याने जुन्या काळच्या एडी मर्क्सचा ३४ चा रेकॉर्ड मोडला. त्याच साली एरिट्रियाच्या बिनियाम गिरमायने तीन स्टेज न हिरवी जर्सी (पॉइंटमध्ये पहिल्याची) घेतली, टूरची स्टेज जिंकणारा तो पहिला काळा आफ्रिकन. ही दोन्ही माणसं टूर जिंकणाऱ्यांच्या यादीत कुठेच नाहीत. तू त्या साली फक्त पिवळी जर्सीच पाहत बसला असशील तं हे सगळं तुझ्या हातून गेलं.

एकाच माणसाचं राज्य ही काही नवी गोष्ट नाही. मर्क्सने १९६९ ची टूर १७ मिनिटं ५४ सेकंदांनी मारली होती, पोगाचारने २०२५ मध्ये विंगेगार्डला ४ मिनिटं २४ सेकंदांनी हरवलं तं आपण एवढे कंटाळलो, तेव्हाच्या लोकांचं काय झालं असेल सांग. १९७५ मध्ये घाटात एका प्रेक्षकाने मर्क्सच्या पोटात बुक्की मारली, आणि त्याच साली फ्रान्सच्या थेवनेने त्याला हरवलं. बुक्की मारणं वाईटच, पण राज्य संपते हे खरं.

आता कबड्डी-क्रिकेटचं. हे मला तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. चाळीस मिनिटं लागतात म्हणून माणूस कबड्डी पाहते असं मला वाटत नाही बापा. आपल्याकडच्या शंकरपटात बैलांची जोडी काही सेकंदात पार होते, पण तळेगाव दशासरला माणसं दिवसभर उन्हात बसतात. २०१४ ला बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने अटी घालून परवानगी दिली न २०२३ च्या मे महिन्यात कायमचं मोकळं केलं, इतकी वर्षं लोकांनी वाट पाह्यली. काहून? कारण बैल कोणाचा, मागच्या पटात किती सेकंदात गेला, धुरकरी (जोडी हाकणारा) कोण, हे पाहणाऱ्याला तोंडपाठ. आणि तू ज्या रात्री झोपला नाही ना, ती रेस म्हणजे सेकंदाचा पटच होता. एकेकाला घड्याळाविरुद्ध सोडतात, ३६ किलोमीटर, रोग्लिच ५७ सेकंद पुढे होता आणि शेवटी ५९ सेकंद मागे राहिला. तुला त्या दोघांचे तीन आठवडे माहीत होते म्हणून तू जागा राहिला.

क्रिकेटमध्येही तसंच. विदर्भ १९५७ पासून रणजी खेळत होता, कितीतरी वर्षं कोणी विचारत नव्हतं, २०१७-१८ ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली. उमेश यादव खापरखेड्याकडचा, कोळसा खाणीतल्या माणसाचा पोरगा, त्याने बॉल टाकला की आपला माणूस टाकते असं वाटते. सायकलमध्ये तुला असं आपलं कोण आहे? टीमचं नावच जाहिरातवाल्याचं असते, तो गेला की नाव गेलं. स्काय होती ती २०१९ मध्ये इनिऑस झाली. टीमला गाव नाही, मैदान नाही, रोडच्या कडेला उभं राहायचं तिकीट नाही, आणि टीव्हीचा पैसा जाते रेस भरवणाऱ्याकडे, आयपीएलसारखा टीमला वाटा नाही. टीमचं पोट जाहिरातवाल्यावर, मग ज्याच्या मागे मोठा पैसा त्याच्याकडे सगळे चांगले गडी, पोगाचारच्या मदतीला असलेले काही जण दुसरीकडे लीडर झाले असते. खेळाची ही खोट आहे, तुझी नाही, आणि मला ती मनापासून खुपते.

म्हणून तू एक माणूस धर. जिंकणारा नको. पाणी वाहणारा धर, जो मागे गाडीजवळ जाऊन सात-आठ बाटल्या बनियनमध्ये कोंबून पुन्हा पुढे येते. तीन आठवडे त्याच्यावरच नजर ठेव. पाचही तास बसू नको, शेवटचा दीड तास पुरे. आणि एक दिवस परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट स्वतः सायकलने चढ, गिअरची नसली तं अर्धा पायी चढ, मग १३ किलोमीटरचा ओताकाम टीव्हीवर कसा दिसते ते पाहा. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये अमेरिका या टोकापासून त्या टोकापर्यंत एकट्याने रेसमध्ये पार केली, जवळपास पाच हजार किलोमीटर, बारा दिवसांच्या आत. आपलं कोणीच नाही असंही नाही.

डोपिंगचं, म्हणजे ताकदीची औषधं घेऊन खेळायचं, तू लिहिलं नाही पण मनात असेलच. त्यापायी अमेरिकेच्या लान्स आर्मस्ट्राँगने जिंकलेल्या सातही टूर २०१२ मध्ये काढून घेतल्या आणि त्या जागा अजून रिकाम्या आहेत. तेव्हापासून कोणी फारच जोरात गेला की माझ्याही मनात शंका येते. ती घेऊनच पाहतो.

प्रश्न : सर, माझी मुलगी आठवीत आहे, शाळेतून मानव विकासची सायकल भेटली, पाच किलोमीटर जाते. तिला रेस पाहायचा नाद लागला आहे. बायकांची अशी रेस असते का? आणि सायकलने तिचे गुडघे दुखतात, काय करू?

उत्तर : असते ताई, आणि वरच्या भावालाही माझं सांगणं की ती पाहा. २०२२ पासून बायकांची टूर पुन्हा सुरू झाली, पहिल्या चार वर्षांत चार वेगळ्या बाया जिंकल्या. २०२४ मध्ये तं आठ स्टेजनंतर निएविआडोमा फक्त ४ सेकंदांनी जिंकली, अल्प द्युएझच्या घाटात शेवटच्या मीटरपर्यंत कोणालाच माहीत नव्हतं.

गुडघ्याचं बहुतेक सीटमुळे असेल. शाळेच्या सायकलींचं सीट खालीच ठेवलेलं असते, पोरी तशाच चालवतात. सायकल भिंतीला टेकवून तिला बसवा, टाच खालच्या पायडलवर ठेवायला लावा, पाय सरळ झाला पाहिजे. वाकत असेल तं पान्याने सीटचा नट ढिला करून बोट-दोन बोट वर घ्या, पण नळीवरची खूण बाहेर दिसेल इतकं वर नको. पंधरा दिवसांत फरक नाही पडला तं डॉक्टरला दाखवा.