सासूबाई आणि 5 महिन्यांचं बाळ, दोघांनाही डायपर लागतात. किती वेळाने बदलावेत आणि काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की सासूबाई 76 वर्षांच्या आहेत, खुब्याचं ऑपरेशन झालंय, मुलुंडला वन रूम किचनमध्ये सगळे राहता, आणि ‘बारा तास टिकतो’ असं छापलेला डायपर घ्यावा का हा प्रश्न आहे. मी घाटकोपरला राहते. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिचं सगळं आम्ही बहिणींनी घरीच केलं आणि आता भाचा माझ्याकडेच असतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तो बारा तासांचा आकडा आधी डोक्यातून काढा. डायपरच्या आत सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटचे बारीक दाणे असतात. ते ओलावा धरून फुगतात आणि त्यांची जेली होते. साधं पाणी ते स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट धरतात, पण लघवीत क्षार असतात, त्यामुळे तिथे त्यांची ताकद खूपच कमी पडते. पाकिटावरचे तास म्हणजे चादर किती वेळ कोरडी राहील, एवढंच. कातडीचा हिशोब वेगळा असतो. लघवीतल्या युरियाचा अमोनिया होतो, कातडीचा नैसर्गिक आम्लपणा जातो, आणि त्यात शी मिसळली की तिच्यातली पाचकद्रव्यं कातडीला अक्षरशः खातात. म्हणून शी झाली की रात्र असो की दारात पाहुणे, लगेच बदलायचा. नुसती लघवी असेल तर सासूबाईंचा दिवसा चार-पाच तासांनी आणि बाळाचा दोन-तीन तासांनी. रात्री बाळ गाढ झोपलं असेल तर फक्त लघवीसाठी उठवू नका.

बाळ रडून सांगतं, म्हातारं माणूस गप्प बसतं. मला सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते हेच. सुनेला उठावं लागू नये म्हणून ओल्यातच पडून राहतात आणि पाणी पिणं कमी करतात. आई तर संध्याकाळनंतर भांड्यावर पालथा हात ठेवायची, ‘नको गं’ म्हणायची. पाणी कमी प्यायलं की लघवी दाट होते, जळजळते, बद्धकोष्ठता होते, संसर्गाचा धोका वाढतो. तेव्हा ‘ओलं झालंय का?’ असं चारचौघांत विचारूच नका. वेळा ठरवून टाका: सकाळचा चहा, जेवणानंतर, चारचा चहा, झोपताना. त्यांना मागावं लागत नाही. वन रूम किचनमध्ये आडोसा कुठून आणायचा म्हणाल, तर दोरीवर जुनी साडी टाकली तरी पुरते. त्या पाच मिनिटांत बाकीच्यांनी गॅलरीत जावं.

आणखी एक. डॉक्टरांनी वॉकर धरून चालायला सांगितलं असेल तर डायपर आहे म्हणून बाथरूमला नेणं थांबवू नका. कमोड खुर्ची सर्जिकलच्या दुकानात भाड्याने मिळते. अशांना पँटसारखा ओढायचा डायपर बरा. उठताच येत नसेल तर टेपवाला, आणि खाली अंडरपॅड, म्हणजे गादी ओली होऊ नये म्हणून अंथरायचं शोषून घेणारं पॅड. लघवीवरचा ताबा अचानक सुटला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. संसर्ग, साखर, बद्धकोष्ठता किंवा चालू असलेलं एखादं औषधही कारण असू शकतं.

माप घेताना कंबर आणि नितंब दोन्ही मोजा, मोठा आकडा धरा. ‘जरा मोठाच असू दे’ असं केलं की मांडीतून गळतो. लावण्यापूर्वी डायपर उभा दुमडून ताणा, म्हणजे आतल्या झालरी उभ्या राहतात. सासूबाईंना कुशीवर वळवा, जुना गुंडाळत काढा, पुढून मागे पुसा, कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडं करा, घासू नका. खालच्या टेप आधी आणि किंचित वरच्या दिशेने, मग वरच्या. शेवटी मांडीच्या कडेने बोट फिरवून झालर बाहेर काढा, कारण आत दुमडलेली राहिली तर हमखास गळती. दोन डायपर एकावर एक लावू नका. आतल्याचं प्लास्टिक ओलावा खाली जाऊच देत नाही.

कातडीला झिंक ऑक्साइडचं क्रीम पातळ थरात लावा. बाळाला टाल्कम पावडर नको, ती श्वासात जाते. घड्यांत लालभडक चट्टा आणि भोवती सुटे लाल ठिपके दिसले तर बहुधा बुरशी असते; ती साध्या क्रीमने जात नाही. सासूबाईंच्या माकडहाडावर दाबूनही न जाणारा लालसरपणा दिसला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.

बाळाला दिवसा सुती लंगोट चांगलेच, पण जुलैत आपल्याकडे काही वाळत नाही. अर्धवट ओला लंगोट डायपरपेक्षा वाईट. इस्त्री फिरवा, नाहीतर पावसाळ्यापुरते डायपर घ्या आणि रोज थोडा वेळ उघडं लोळू द्या.

खर्चाचं म्हणाल, तर 22 सप्टेंबर 2025 पासून डायपरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आलाय. प्रिन्सेस स्ट्रीटला घाऊक मिळतात, पण माप नक्की होईपर्यंत जवळच्या मेडिकलमधून छोटं पाकीटच आणा.

टाकताना शी आधी संडासात टाका, डायपर घट्ट गुंडाळून त्याच्याच टेपने बंद करा, वर्तमानपत्रात बांधा आणि वेगळ्या पिशवीत द्या. फ्लश मुळीच करू नका, जेली फुगून अख्ख्या विंगचा पाइप तुंबतो. महापालिकेने मे 2025 पासून असा कचरा वेगळा उचलायला सुरुवात केलीय, त्यासाठी नोंदणी करावी लागते. सोसायटीच्या सेक्रेटरींना आजच विचारा. कचरा वेगळा करणाऱ्या बायकांना तो हाताने उघडावा लागतो, म्हणून नोंदणी होईपर्यंत पिशवीवर ‘डायपर’ असं मोठ्या अक्षरात लिहा.