नारळ, रोट आणि सव्वा मूठ

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

यंदा भाऊबंदांची कानबाई, आपली खानदेशातली देवी, तुझ्या घरी बसणार हे ऐकून बरं वाटलं. पूजेत वाहतो त्या वस्तूंचे अर्थ लिहून पाठवा म्हणालास. शास्त्रातले हवे असतील तर पंचोपचारांपासून सुरुवात कर. मानसपूजेत गंध पृथ्वीचं, फूल आकाशाचं, धूप वायूचा, दीप तेजाचा आणि नैवेद्य अमृताचा, म्हणजे जलतत्त्वाचा. समोर काहीच नसलं तरी ही पूजा मनाने होते. पंचमहाभूतांनी दिलं ते त्यांनाच परत करायचं, एवढंच त्यात आहे.

मोबाईलवर फिरतात त्या याद्या मात्र जपून वाच. ‘नारळ म्हणजे अहंकार, तो देवापुढे फोडायचा.’ असेल बुवा! पण नागपंचमीनंतरच्या रविवारी आपण खानदेशात कानबाई म्हणून नारळालाच नथ घालतो, डोळे लावतो, साज चढवतो आणि आई म्हणून पाया पडतो. कितीतरी घरांत तोच नारळ पिढ्यान्‌पिढ्या जपलेला असतो. अहंकाराला कोणी नथ घालतं का? तेव्हा आधी त्या घरात नारळाचं काय करतात ते बघावं, अर्थ मग सांगावा.

मला विचारशील तर कानबाईची खरी पूजा रोटाच्या, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांच्या, गव्हात आहे. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू मोजतात. पाळण्यातल्या पोराचीही मूठ पडते. परगावी नोकरीला असलेल्याचीही पडते, तो येवो न येवो. सव्वा का, तर वरचा पाव शिल्लक राहण्यासाठी, पुढच्या वाढीसाठी, असं मी समजतो. हे रोट भाऊबंदांबाहेर जात नाहीत आणि टाकायचेही नसतात. वर्षभर बांधावरून भांडणारे दोघे त्या दिवशी एकाच परातीतलं खातात. मला तर नैवेद्य इथेच दिसतो.

आता एक खटकणारी गोष्ट. मुलींची मूठ का नाही? वंश मुलाकडून चालतो हा जुना हिशोब, दुसरं काही नाही. सगळं थापायचं, भाजायचं बायांनी आणि मोजायचं फक्त पुरुषांना, हे मला पटत नाही. तुझ्या दोन्ही लेकींची नावं घे आणि मूठ टाक. म्हातारी मंडळी कुरकुरतील. त्यांच्याशी वाद घालू नकोस, गहू मोजत राहा.

दळण लवकर ने. त्या आठवड्यात गिरणीवाले चक्की धुऊन-पुसून फक्त रोटाचंच दळतात आणि रांग बाहेर रस्त्यापर्यंत लागते. हरभऱ्याची डाळ त्याच वेळी घे. सोमवारी विसर्जनाला नदीवर निघाल की मला फोन कर, मीही येतो.

तुझा,
काका